प्रक्रिया नियंत्रकातील मोटर आउटपुटचा बिघाड

औद्योगिक प्रक्रिया नियंत्रकाने आदेश देऊनही मोटर न फिरणे, आदेश नसताना फिरत राहणे किंवा ठरलेल्या वेगाने न फिरणे, यास मोटर आउटपुटचा बिघाड म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखाने, तसेच टेंभू, ताकारी व म्हैसाळ या कृष्णा नदीवरील उपसा सिंचन योजना मोटरींवर अवलंबून आहेत. गाळप हंगामात गव्हाणीची मोटर थांबल्यास पुढील सर्व गिरण्या रिकाम्या राहतात आणि तोडून आणलेल्या उसातील साखर घटत जाते. म्हणून दोष लवकर व अचूक शोधणे महत्त्वाचे ठरते.

आदेशाचा मार्ग

नियंत्रक मोटरीला थेट वीज देत नाही. त्याचा आउटपुट सहसा २४ व्होल्टचा असतो. तो मधल्या रिलेला, रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आणि कॉन्टॅक्टर मोटरीला वीज जोडून देतो. या साखळीत ओव्हरलोड रिलेही असतो.

दोषशोधनाचा क्रम

१. आउटपुटचा दिवा लागत नसल्यास दोष बहुधा नियंत्रकाबाहेर असतो. आपत्कालीन थांबा, पुढील वाहक बंद असणे अशी एखादी इंटरलॉक अट अपूर्ण असते.

२. दिवा लागतो, पण टर्मिनलवर दाब मिळत नाही, तेव्हा फ्यूज, बाह्य वीजपुरवठा किंवा आउटपुटचा जळालेला संपर्क तपासावा. डीसी कॉइलला उलटा डायोड नसल्यास ती बंद होताना निर्माण होणाऱ्या उच्च दाबाने ट्रान्झिस्टर निकामी होतो.

३. दाब मिळूनही कॉन्टॅक्टर ओढत नसल्यास कॉइल तुटलेली असते किंवा ओव्हरलोड रिलेचा ९५–९६ हा संपर्क उघडलेला असतो. कारण न शोधता हा रिले वारंवार रिसेट केल्यास मोटर जळू शकते.

४. कॉन्टॅक्टर ओढतो, पण मोटर केवळ गुणगुणते, तेव्हा एक फेज गेलेला असण्याची किंवा यंत्र अडकल्याची शक्यता असते.

५. आदेश नसताना रिले ओढलेला राहिल्यास ट्रायॅक आउटपुटमधील गळती प्रवाह किंवा चिकटलेले संपर्क कारणीभूत असतात.

वेगनियंत्रणातील दोष

गिरणीच्या चुटातील उसाच्या पातळीनुसार नियंत्रक ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत ड्राइव्हला देतो. ४ म्हणजे शून्य, १२ म्हणजे निम्मा आणि २० म्हणजे पूर्ण वेग. संकेत ० असल्यास तार तुटली आहे किंवा पुरवठा गेला आहे, हे त्यावरून कळते. संकेत योग्य असूनही वेग बदलत नसल्यास ड्राइव्ह ‘लोकल’ स्थितीत आहे का, हे प्रथम पाहावे.

ओलावा व इन्सुलेशन

पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरींच्या वेटोळ्यांत ओलावा शिरतो. त्यामुळे हंगामापूर्वी मेगरने इन्सुलेशन रोध मोजतात. आयईईई ४३ या मानकानुसार १ किलोव्होल्टपेक्षा कमी दाबाच्या सामान्य मोटरींसाठी तो ४० अंश सेल्सिअस तापमानाला किमान ५ मेगओहम असावा. ही चाचणी करण्यापूर्वी मोटर ड्राइव्हपासून विलग करणे आवश्यक असते, अन्यथा मेगरच्या दाबाने ड्राइव्ह निकामी होतो.

सुरक्षितता

जोडणीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे. वीज बंद केल्यानंतरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे धोकादायक दाब शिल्लक राहतो. इंटरलॉक तात्पुरता जोडून यंत्र चालवणे टाळावे, कारण वाहकाजवळील कामगाराचे संरक्षण त्याच अटीवर अवलंबून असते.