'परत का करताय?' या प्रश्नाचं उत्तर विचार करून द्या

आजचा विषय तुमच्या-माझ्या फोनमधलाच: ऑनलाइन ऑर्डर रद्द करणं आणि पैसे परत मिळवणं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं, ऑनलाइन घेतलेली कुठलीही वस्तू सात-दहा दिवसांत परत करणं हा आपला हक्कच आहे. तसं नाहीये. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदीवर १४ दिवसांत मन बदलायचा हक्क कायद्यानेच आहे. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. 'आवडलं नाही' म्हणून वस्तू परत घेतात, ती त्या कंपनीची पॉलिसी. ती जेवढं देईल तेवढंच.

पण वस्तूच चुकीची असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा रिफंड द्यायला नकार देऊ शकत नाही. (उशीर पूर-वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर उशिराचा मुद्दा चालत नाही.) इथे 'नो रिटर्न' लिहिलेलं असलं तरी विक्रेत्याची सुटका नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं एका स्क्रीनवर: 'परत का करताय?'

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, असे स्क्रीन बनवायचं काम केलंय. तुम्ही यादीतून जे कारण निवडता, त्यावरून पुढचे निर्णय सिस्टीम आपोआप घेऊ शकते: पिकअपचे पैसे कापायचे का, रिफंड कुठे पाठवायचा. कस्टमर केअरवाल्यालाही आधी तेच कारण दिसतं. तुमच्या मनात काय होतं, ते त्याला कसं कळणार?

माझ्या मावशीने कॉटनची साडी मागवली, आली पॉलिस्टरची. मावशीने कारण काय निवडलं? 'आवडली नाही'. कशाला उगाच वाद, म्हणून! पिकअपचे ९९ रुपये कापले आणि उरलेले वॉलेटमध्ये टाकले. मग आम्ही साडीवरच्या लेबलचा फोटो आणि ॲपवरच्या 'शुद्ध कॉटन'चा स्क्रीनशॉट जोडून तक्रार केली, तेव्हा पूर्ण पैसे खात्यात आले. चुकीचं कारण निवडलं म्हणून हक्क जात नाही, पण सिद्ध करायची कटकट वाढते. म्हणून भिडेपोटी सौम्य कारण निवडू नका. जे घडलं तेच निवडा. अर्थात वस्तू ठीक असताना 'खराब आहे' म्हणणं ही लबाडीच, तेही नको.

दुसरं बटण वॉलेटचं. 'लगेच वॉलेटमध्ये घ्या' हे मोठ्या रंगीत अक्षरात, 'बँक खात्यात' खाली बारीक. रिझर्व्ह बँकेचा पेमेंट ॲग्रीगेटरांसाठीचा नियम असा: पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत यायचे, तुम्ही स्वतः दुसऱ्या मार्गाला हो म्हटलं असेल तरच वेगळं. ते रंगीत बटण म्हणजे तुमचा 'हो'. घाईत दाबू नका.

तिसरं, कॅन्सलेशन चार्ज. कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर ती तसाच भुर्दंड सोसते का? नसेल, तर तुमच्याकडूनही घेता येत नाही. हेही २०२० च्याच नियमांत आहे.

आणि युपीआयने पैसे कापले गेले, पण दुकानदाराकडे पेमेंट पोचलंच नाही, तर? व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ पासून आहे.

कंपनी ऐकतच नसेल तर काय करायचं?

१. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. त्यांना लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्यांच्यावर बंधन आहे.

२. तरी हालचाल नाही? १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

३. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. आणि कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार चालते. साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यात!

यासाठी पुरावा मात्र हवा. ऑर्डर देतानाच वस्तूच्या पानाचा आणि डिलिव्हरीच्या तारखेचा स्क्रीनशॉट घ्या, कारण ते पान नंतर बदलू शकतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसू द्या. फोनवर बोलणं झालं तरी तेच मुद्दे ईमेलवर टाका.

आजचा भाग घरातल्या मोठ्यांना नक्की ऐकवा. ऑर्डर त्यांची असते, पण 'रिटर्न कर रे जरा' म्हणून फोन आपल्याच हातात येतो ना! भेटू पुढच्या भागात.