एका ओळीच्या कमांडचा धाक

नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती सर्व्हरची कामे देताना एक सूचना हमखास दिली जाते: ब्राउझरमधला कन्सोल वापर, टर्मिनलच्या वाटेला जाऊ नकोस. माउसने केलेले काम सुरक्षित आणि कमांड टाइप करून केलेले काम जोखमीचे, अशी त्यामागची समजूत असते. ती हवेतून आलेली नाही. एका ओळीने शंभर मशीन बंद पडू शकतात, हे खरेच आहे. पण या समजुतीमुळे सगळी भीती त्या काळ्या पडद्याला चिकटते आणि ज्यांच्यावर सुरक्षितता प्रत्यक्षात उभी असते, त्या परवानग्या, मर्यादा आणि नोंदी ढिल्याच राहतात. माझा आक्षेप त्याला आहे.

कन्सोल आणि कमांड लाइन या दोन वेगळ्या वाटा आहेत, हा पहिला गैरसमज. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा इतिहासच पाहा. त्यांची एस-थ्री ही साठवण सेवा १४ मार्च २००६ रोजी सुरू झाली, तेव्हा ब्राउझरमध्ये उघडायला कन्सोल नव्हताच. प्रोग्रॅमने एपीआयशी थेट बोलायचे, एवढी एकच सोय होती. कन्सोल आला जानेवारी २००९ मध्ये, तोही सुरुवातीला फक्त ईसी-टू या भाड्याच्या सर्व्हरसाठी. आजची ‘एडब्ल्यूएस सीएलआय’ ही कमांड लाइन २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे मूळ दार एपीआयचे आहे. कन्सोलचे बटण आणि टर्मिनलमधली ओळ दोन्ही त्याच दारावर थाप मारतात. आत सोडायचे की नाही, हे परवानग्यांची व्यवस्था ठरवते. ज्याला डेटाबेस पुसायची परवानगी आहे, तो तो माउसनेही पुसू शकतो. शिवाय २०२० पासून कन्सोलच्या आतच ‘क्लाउडशेल’ नावाचे टर्मिनल उघडता येते. ‘त्याला फक्त कन्सोलचे लॉगिन दिले आहे’ या वाक्यात संरक्षण म्हणून काहीच उरत नाही.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: गाजलेले अपघात तर कमांडमुळेच झाले ना? झाले. ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन त्याने कमांड एक-दोन सेकंदांत थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते. त्यानंतर महिन्याभरात, २८ फेब्रुवारीला, एस-थ्रीच्या चमूतल्या एकाने बिलिंगशी संबंधित काही थोडे सर्व्हर काढायला ठरलेल्या पद्धतीनेच कमांड चालवली. त्यातली एक नोंद चुकली, हवे त्याहून बरेच अधिक सर्व्हर निघाले आणि अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया विभागातली एस-थ्री चार तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा जागतिक कणाच तुटला. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते.

या तिन्ही घटनांचे अहवाल त्या त्या कंपनीने स्वतः प्रसिद्ध केले आहेत, आणि ते वाचले की बोट भलतीकडे जाते. ॲमेझॉनने कमांडवर बंदी घातली नाही. ते साधनच बदलले: सर्व्हर हळूहळू निघावेत आणि एखाद्या उपव्यवस्थेची क्षमता किमान पातळीखाली जात असेल तर कमांड नाकारली जावी. बोट घसरले हे निमित्त होते. साधनाने मोठा आकडा मुकाट्याने मान्य केला, ही खरी त्रुटी होती. फेसबुककडे घातक कमांड अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच बग होता. गिटलॅबचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. तिथला रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे निकामी झालेला होता, आणि तो निकामी असल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून नुकसान तेवढ्या तासांपुरते राहिले. समजा हीच चूक कन्सोलमधून झाली असती. बॅकअप तेव्हाही रिकामाच असता.

कन्सोलच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. काही धोकादायक कामांआधी तो थांबवतो. एस-थ्रीची बकेट, म्हणजे फायली ठेवायचा कप्पा, रिकामी करायची तर ‘कायमचे पुसा’ अशा अर्थाचे शब्द टाइप करून घेतो. कमांड लाइनवर मात्र सक्तीचा पर्याय जोडला की बकेट आतल्या फायलींसकट एकही प्रश्न न विचारता जाते. हा विराम मोलाचा आहे आणि टर्मिनलमध्ये तो आपल्याला मुद्दाम आणावा लागतो. त्यासाठी ‘ड्राय-रन’ आहे असे सांगितले जाते, आणि इथेच बऱ्याच जाणत्यांचीही गफलत होते. ड्राय-रन म्हणजे रंगीत तालीम, असा समज आहे. एस-थ्रीच्या कॉपी, सिंक, डिलीट अशा कमांडांपुरता तो बरोबर आहे: कोणत्या फायलींचे काय होईल याची यादी दिसते, प्रत्यक्षात काही होत नाही. पण ईसी-टूच्या कमांडांमधला ड्राय-रन तालीम करतच नाही. तो फक्त दारावरच्या रखवालदाराला विचारतो, की या माणसाला हे करायची परवानगी आहे का. ‘आहे’ असे उत्तर आले म्हणून कमांड योग्य ठरत नाही. चुकीचे मशीन बंद करायचीही तुम्हाला परवानगी असू शकते. गंमत म्हणजे एकाच साधनात हे दोन पर्याय लिहायचेही वेगवेगळे, एकात दोन शब्दांमध्ये जोडरेघ आणि दुसऱ्यात सलग. लिहिलेल्या रचनेवरून सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्म या साधनाचा ‘प्लॅन’ तालमीच्या अधिक जवळ जातो, कारण लिहिलेली रचना आणि प्रत्यक्ष स्थिती यांतला फरक तो ओळीओळीने मांडतो. मात्र तो प्लॅन फाइलमध्ये जपून तोच लागू केला नाही, तर लागू करताना हिशेब नव्याने होतो, आणि सकाळी वाचलेला फरक दुपारी तसाच असेल याची हमी नाही.

‘उत्तर आले म्हणजे काम झाले’ ही समजूतही तपासून घ्यावी. सर्व्हर सुरू करण्याची कमांड परतते तेव्हा मशीन अजून उभे राहत असते. रूट-५३ या ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेत एखादी नोंद बदलली, तर बदल आधी प्रलंबित दिसतो; तो ॲमेझॉनच्या नेमसर्व्हरांवर पोचला तरी जगभरचे इतर सर्व्हर जुना पत्ता त्याची मुदत संपेपर्यंत धरून ठेवतात. उत्तर आले नाही म्हणून तीच कमांड पुन्हा चालवणे तर महागात पडते. नवा सर्व्हर मागणारी कमांड दोनदा चालली की दोन सर्व्हर मिळतात आणि दोघांचे बिल येते. दोन्ही वेळा आपण स्वतः ठरवलेले एकच टोकन दिले, तर दुसरी मागणी पहिलीच मानली जाते. रिकाम्या यादीवरही विसंबू नये. ईसी-टूची कमांड एका वेळी एकाच विभागाचे उत्तर देते. मुंबई विभाग निवडलेला असेल तर व्हर्जिनियात विसरलेले मशीन त्या यादीत दिसणार नाही.

कमांड लाइनच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मला नोंदीचा वाटतो. माउसने केलेली पंधरा पावले दुसऱ्याला समजावायची तर स्क्रीनशॉट लागतात. कमांड मात्र मुळातच लिहिलेली असते. ती चालवण्याआधी सहकाऱ्याला वाचायला देता येते, जपता येते, पुढच्या वेळी तशीच वापरता येते. एकट्याने रात्री केलेल्या दुरुस्तीपेक्षा दोघांनी वाचलेली स्क्रिप्ट मला कधीही अधिक भरवशाची वाटेल. यावर कुणी म्हणेल, ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदवहीत सगळे आपोआप नोंदले जातेच की. तेही अर्धेच खरे. कोणी, कधी, कुठून काय बदलले याची नव्वद दिवसांची नोंद आपण काही न करता मिळते, कन्सोल आणि कमांड लाइन दोन्हींची. पण त्यात बकेट पुसल्याचे दिसते, बकेटमधली एखादी फाइल पुसल्याचे दिसत नाही. ती नोंद वेगळी सुरू करावी लागते आणि तिचे पैसे पडतात.

कमांड लाइनचा स्वतःचा असा एक धोका आहे, आणि तो टायपिंगच्या चुकीत नसून किल्ल्यांत आहे. कायमस्वरूपी किल्ली दिली की साधन ती होम फोल्डरमधल्या एका साध्या फाइलमध्ये, कोणालाही वाचता येईल अशा मजकुरात ठेवते. लॅपटॉप चोरीला गेला किंवा ती फाइल चुकून गिटहबवर चढली, तर पासवर्ड आणि ओटीपीची सगळी कवायत वाया जाते. थोड्या वेळाने आपोआप बाद होणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्या वापरणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि एकदा मांडणी करून ठेवली की त्याचा रोजचा त्रास फारसा नसतो.

चार माणसांच्या संस्थेने एवढे सोपस्कार करायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. सगळे एकदम करायची गरज नाही. आधी बकेटवर व्हर्जनिंग सुरू करावे, म्हणजे साधी डिलीट फायलीवर फक्त खूण करते आणि आधीची प्रत आत राहते. बॅकअप निदान एकदा तरी प्रत्यक्ष उघडून पाहावा. आणि टर्मिनलमध्ये दोन प्रोफाइल ठेवावेत: रोजच्या वापराच्या मूळ प्रोफाइलला फक्त वाचण्याची परवानगी, तर बदल करणाऱ्या प्रोफाइलचे नाव दर कमांडला हाताने लिहावे लागेल असे. ते नाव लिहायला लागणाऱ्या दोन सेकंदांत आपण नेमके कुठल्या सर्व्हरवर आहोत, हे एकदा वर पाहून घेता येते.