उलटा बसवलेला सांधा

वार्धक्यात ठिसूळ झालेल्या दंडाच्या हाडाचा गोल माथा, न्हाणीघरात घसरून हात टेकण्याच्या निमित्ताने, तीन-चार तुकड्यांत फुटला की स्क्रू धरण्याइतकेही बळ त्यात उरत नाही. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी १९५० च्या दशकात तेथे धातूचा माथा बसवला खरा. परंतु हात उचलण्याची भिस्त लहान स्नायूंच्या कंडरांवरच राहिली, आणि त्या ज्या उंचवट्यांना चिकटतात तेच न सांधल्यास हात उचलेना. फ्रान्समधील दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये रचनाच उलटी केली : गोळा खवाट्यावर, वाटी दंडावर. सांधा फिरण्याचा मध्यबिंदू शरीराच्या आत सरकल्याने खांद्यावरचा त्रिकोणी स्नायूच हात उचलण्याचा भार पेलतो. ही कल्पना मला विलक्षण प्रतिभेची वाटते. मात्र तुकडे फारसे न सरकलेल्या बहुतेक अस्थिभंगांना झोळी व व्यायाम पुरतात. आणि शस्त्रक्रियेनंतर केस विंचरता आले, तरी पाठीमागे हात नेणे अनेकांना अवघडच जाते.