नव्या डीएसएलआरला पहिली लेन्स कोणती?

इथे माजिवड्यात काय किंवा डोंबिवलीत काय, आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : कॅमेरा घेतला, आता लेन्स कोणती घेऊ? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं. मोठी झूम. लांबचं जवळ दिसतं, आणि चारचौघांत छापही पडते. आम्ही उलट विचारतो : फोटो कुणाचे काढणार, आणि त्या वेळी तुम्ही किती फुटांवर उभे असणार?

फुटांचं आधी बघू. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ला लोक ‘किट लेन्स’ म्हणून नाकं मुरडतात. आमच्या मते हा अन्याय आहे. नवख्यांच्या बहुतेक डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, साधारण २३ बाय १५ मिलिमीटर असतो. म्हणून त्यावर ५०ची लेन्स लावली की फिल्म कॅमेऱ्यावरच्या ७५-८० इतकं जवळचं दृश्य मिळतं. आता हिशेब करा. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर ५०च्या लेन्सला जवळजवळ १४ फूट मागे जावं लागतं. ३५ला १० फूट, १८ला ५ फूट. आपल्या वन-बीएचकेचा हॉल केवढा? त्यात सोफा, बारशाचा पाळणा, पाळण्याभोवती आत्या आणि मावश्या. १४ फूट मागे जायचं म्हणजे तुम्ही थेट जिन्यात!

हे हसण्यावारी नेऊ नका. तुमच्यातले काही जण हप्त्यावर कॅमेरा घेऊन बारसं, साखरपुडा, मुंज अशी कामं घ्यायच्या विचारात आहेत. पहिल्याच ऑर्डरला अख्खं कुटुंब चौकटीत मावलं नाही, तर दुसरी ऑर्डर येत नाही. अशा कामाला १८-५५ आधी लागते, बाकीचं नंतर.

तिची खरी अडचण उजेडाची. लेन्सच्या तोंडावर १:३.५-५.६ असं छापलेलं असतं ना, तो आकडा जितका लहान तितकं आतलं भोक मोठं उघडतं. ५५वर झूम केलं की किट लेन्स ५.६वर येते. १.८ची लेन्स तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. म्हणजे गणपतीच्या आरतीला, ट्यूबलाइटच्या उजेडात, किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल तिथे १.८ला १/१२५ पुरतो. लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय असली तरी ती तुमच्या हाताची थरथर सांभाळते. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात ती कशी थांबवणार? फक्त एक लक्षात ठेवा. ५०ची लेन्स १.८वर उघडून पाच फुटांवरून चेहरा घेतला तर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीपुरतंच स्पष्ट येतं. आजीचा डोळा लख्ख, कान पुसट. चेहऱ्याला ते शोभतं; दोन रांगांचा ग्रुप असेल तर ५.६ किंवा ८वर या.

म्हणून घरातल्या समारंभांसाठी दुसरी लेन्स घ्यायची तर निकॉनवाल्यांनी ३५ एफ १.८ बघावी. कॅननमध्ये ५० एफ १.८ स्वस्त, पण ती चेहऱ्यांची. घरासाठी २४ एफ २.८ जास्त कामाला येते.

मग झूम कुणाला? आपल्याकडे ठाणे खाडी आहे, २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य. ऐरोलीहून होडीत बसलात आणि लहान फ्लेमिंगो दीडशे फुटांवर असला, तर ५५वर तो चौकटीत ठिपकाच दिसतो. ५५-२५०च्या टोकाला चौकटीच्या उंचीचा पाव भाग तो व्यापतो. थवा सुरेख येतो. एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातली चमक मात्र येणार नाही, त्याला मोठी आणि महागडी लेन्स लागते. पाडव्याच्या स्वागतयात्रेला, डोंबिवलीत ती १९९९पासून निघते, झूम आम्हाला फारशी लागलेली नाही. सकाळचं ऊन भरपूर, लेझीमवाल्या मुली हाताच्या अंतरावर. किट लेन्सवर भागतं.

विकत घेण्याआधी एक करा. तुमचे शेवटचे तीनशे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येकाच्या तपशिलात तो कितीवर काढला हे नोंदलेलं असतं. बरेचसे १८वर असतील तर झूमचा विचार सोडा. ५५वर काढूनही नंतर कापावे लागले असतील, तर झूम. अंतर बरोबर, पण फोटो हललेत, तर १.८. एखाद्या रविवारी तलावपाळीवर झूमची कडी ३५वर ठेवून तासभर ती हलवूच नका. दुसऱ्या रविवारी ५०वर. एक पैसा खर्च न होता दोन्ही लेन्स वापरून झाल्या.

जुनी लेन्स घ्यायलाही हरकत नाही. बरेच जण मिररलेसकडे वळल्याने चांगल्या लेन्स बाजारात येतायत. निकॉनचा डी ३५०० किंवा डी ५६०० असेल तर लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय ना, तेवढं बघा. एएफ-डी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, तेव्हा दुकानदार कितीही कमी करो, परत द्या. घरची लेन्सही जूनपासून कपड्याच्या कपाटात नको. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, शंभर-दोनशेत काम होतं.