मातीवरचे ट्रक

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, इंडियानाच्या सीमेलगत, रॉसबर्ग नावाचं जेमतेम दोनशे वस्तीचं खेडं आहे. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेतं, आणि त्या शेतांच्या मधोमध एल्डोरा स्पीडवे: अर्ध्या मैलाची, म्हणजे साधारण 800 मीटरची अंडाकृती धावपट्टी, तीही निव्वळ मातीची. 24 जुलै 2013 या दिवशी, बुधवारी रात्री, या मातीवर नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेचे ट्रक धावले. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेतली शर्यत मातीवर होण्याची ती जवळजवळ 43 वर्षांतली पहिलीच वेळ होती. त्याआधीची अशी शर्यत 30 सप्टेंबर 1970 रोजी नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहरी झाली होती आणि ती रिचर्ड पेटी यांनी जिंकली होती.

नॅसकारचा जन्मच मातीतला. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही गावठी दारू पोचवणारी पोरं साध्या दिसणाऱ्या गाड्यांमध्ये दमदार इंजिनं बसवून पोलिसांना चकवायची. रविवारी तीच पोरं शेतातल्या धावपट्टीवर एकमेकांशी भिडायची. बिल फ्रान्स यांनी 1948 मध्ये या सगळ्या पसाऱ्याला नियम दिले, संघटना दिली. 19 जून 1949 रोजी शार्लट इथे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही मातीवरच. त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाहतुकीसाठी बदललेल्या निघाल्या, म्हणून ती बाद झाली आणि विजय जिम रोपर यांना मिळाला. पुढे डांबरी रस्ते आले, मोठे स्पीडवे आले, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि माती मागे पडली. ट्रकच्या मालिकेने ती पुन्हा पुढे आणली, आणि माझ्या मते हेच या मालिकेचं सर्वांत मोठं काम आहे.

ट्रक म्हणजे इथे पिकअप. शेवरले सिल्व्हराडो, फोर्ड एफ-150, टोयोटा टुंड्रा. अमेरिकेत शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्या दारात उभी असते तीच गाडी. फोर्डची एफ मालिका तिथे 1977 पासून सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. शर्यतीच्या ट्रकचं साम्य मात्र बाहेरच्या आकारापुरतं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, व्ही-8 इंजिन, हाताने बदलायचे चार गिअर आणि साधारण दीड टन वजन. चपळ मोटारीच्या मानाने पिकअपचं तोंड बोजड, त्यामुळे तो हवेला मोठं भगदाड पाडत जातो. मागचा ट्रक त्या पोकळीत शिरला की ओढला जातो. म्हणून मोठ्या ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती धावपट्टीवर, हे ट्रक एकमेकांना चिकटून धावतात आणि पुढे जाण्याचे डाव सतत बदलत राहतात.

ही मालिका कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शर्यती करणाऱ्या चौघांच्या डोक्यातून निघाली: डिक लँडफिल्ड, जिमी स्मिथ, जिम व्हेनेबल आणि फ्रँक वेसेल्स. त्यांनी नमुन्याचा एक ट्रक बांधून घेतला आणि 1994 मध्ये डेटोनाच्या शर्यतीच्या वेळी लोकांपुढे ठेवला. त्याच वर्षी बेकर्सफिल्डजवळच्या मेसा मरीन इथे प्रात्यक्षिक शर्यती झाल्या आणि 5 फेब्रुवारी 1995 रोजी फीनिक्समध्ये पहिली खरी शर्यत झाली. माइक स्किनर यांनी टेरी लाबॉन्टी यांना सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी फरकाने हरवलं. त्या मोसमाचं विजेतेपदही स्किनर यांचंच.

सुरुवातीच्या वर्षांत या मालिकेचा मुक्काम लहान ओव्हलवर असे. यातल्या अनेक ठिकाणी पिटची, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून टायर-इंधन पाहायच्या जागेची, धड व्यवस्था नव्हती, म्हणून शर्यत अर्ध्यावर थांबवून मध्यंतर द्यायचे. तेवढ्यात टायर बदलायचे, इंधन भरायचं, डागडुजी करायची. लहान संघाला हे परवडायचं, कारण सेकंदांत टायर बदलणारी पगारी फौज बाळगावी लागत नव्हती. शर्यत पिवळ्या झेंड्याखाली संथपणे संपू नये म्हणून शेवटी फेऱ्या वाढवून हिरव्या झेंड्यावर निकाल लावायची पद्धतही ट्रकमध्ये पहिल्यापासून होती. नॅसकारच्या मुख्य मालिकेने ती 2004 मध्ये उचलली. त्याच वर्षी टोयोटा या मालिकेत उतरली आणि 2006 मध्ये टॉड बोडाइन यांनी तिला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

ओव्हलवर धावणारी गाडी मुद्दाम वाकडी बांधलेली असते, हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. वळणं सगळी डावीकडे. म्हणून उजव्या बाजूच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा जास्त ठेवतात. निमुळता पेला फरशीवर आडवा सोडला की तो आपोआप गोल फिरतो, तसा हा ट्रक मोकळा सोडला तरी डावीकडे वळू पाहतो. वजनही होईल तितकं डावीकडे. शर्यत चालू असताना ड्रायव्हर रेडिओवरून सांगतो, गाडी ‘टाइट’ आहे की ‘लूज’. टाइट म्हणजे पुढची चाकं वळायला तयार नाहीत, ट्रक सरळ भिंतीकडे निघालाय. लूज म्हणजे मागचा भाग घसरून पुढे येऊ पाहतोय. मग पिटमध्ये एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालतो आणि स्प्रिंगवरचा दाब अर्धा-पाऊण फेरा बदलतो. तेवढ्याने ट्रकचा स्वभाव बदलतो. त्याच वेळी बाकीचे चाकांवर तुटून पडलेले असतात. मुख्य मालिकेत 2022 पासून चाकाला एकच मोठा नट आला. ट्रकला अजूनही पाच नट आहेत, आणि त्यातला एक जरी सैल राहिला तरी सगळ्या रात्रीची मेहनत वाया जाते.

एल्डोरात या हिशेबात मातीची भर पडते. ही धावपट्टी अर्ल बाल्टेस यांनी 1954 मध्ये आपल्या नाचघराशेजारी बांधली. ते मूळचे वाद्यवृंद चालवणारे. 2004 मध्ये ती टोनी स्टुअर्ट यांनी विकत घेतली. स्टुअर्ट हे मुख्य मालिकेचे तीन वेळचे विजेते, पण वाढले मातीवरच. वळणांना 24 अंशांचा उतार, माती चिकण. शर्यतीच्या दिवशी ती उकरतात, टँकरने पाणी मारतात आणि गाड्या फिरवून दाबतात. संध्याकाळी ओल असते तोवर चाकांना पकड भरपूर. रात्र चढेल तशी माती वाळते, घासून काळी आणि गुळगुळीत होते, पकड सुटते. चाकांनी उडवलेली सैल माती वरच्या भिंतीलगत साचून तिचा एक बांध तयार होतो. कसलेला ड्रायव्हर उजवं मागचं चाक नेमकं त्या बांधाला टेकवून वळण काढतो. टेकलं तर वेग मिळतो, हुकलं तर भिंत. वळणात ट्रकचं शेपूट बाहेर घसरलेलं असतं, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं असतं आणि ट्रक मात्र डावीकडे जात असतो. डांबरावरच्या गुळगुळीत टायरना इथे काम नाही. गुडइयरने या शर्यतीसाठी नक्षीचे खास टायर बनवले होते.

2013 च्या त्या रात्री सर्वांत वेगवान पात्रता फेरी मारली केन श्रेडर यांनी, वयाच्या 58 व्या वर्षी. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांत इतक्या वयात कुणी सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा घेतली नव्हती. मुख्य शर्यतीत शिरण्यासाठी मातीच्या रिवाजाप्रमाणे आधी हीट, म्हणजे छोट्या प्राथमिक शर्यती, झाल्या, आणि हीटमधून न निभावलेल्यांसाठी एक अखेरची शर्यत. या अखेरच्या शर्यतीने लोकांना जागेवरून उठवलं. पेनसिल्व्हेनियाचे नॉर्म बेनिंग, वय 61, स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, शेवटची उरलेली जागा धरून होते. मागून क्ले ग्रीनफिल्ड यांचा ट्रक त्यांना पुनःपुन्हा ठोकत होता, भिंतीवर दाबत होता. बेनिंग यांनी रेष सोडली नाही. घासत, आदळत त्यांनी ती जागा राखली आणि अख्खं मैदान त्यांच्यासाठी उभं राहिलं. मुख्य शर्यत 60, 50 आणि 40 फेऱ्यांच्या तीन टप्प्यांत झाली, मधे विश्रांती, अगदी मालिकेच्या सुरुवातीच्या दिवसांसारखी. जिंकला 23 वर्षांचा ऑस्टिन डिलन. दुसरा आला मातीवर घडलेला 20 वर्षांचा काइल लार्सन. तीन वर्षांनी त्याच मातीवर लार्सन जिंकला.

साठी ओलांडलेला माणूस आणि विशीतली पोरं एकाच धावपट्टीवर, एकाच नियमाने. ट्रकच्या मालिकेचं हे खरं रूप आहे. लहान ओव्हलवर इथे सोळाव्या वर्षी उतरता येतं. कोल कस्टर 2014 मध्ये न्यू हॅम्पशायरला सोळाव्या वर्षीच जिंकला. दुसऱ्या टोकाला रॉन हॉर्नडे. चार वेळा विजेते, आणि ट्रकच्या कामगिरीवर 2018 मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. केव्हिन हार्विक आणि जिमी जॉन्सन नवखे असताना हॉर्नडे यांच्या घरच्या सोफ्यावर झोपायचे. त्यातल्या जॉन्सन यांनी पुढे मुख्य मालिका सात वेळा जिंकली.

डॅरेल वॉलेस याची गोष्टही याच शाळेतली. 26 ऑक्टोबर 2013 रोजी मार्टिन्सव्हिलच्या ओव्हलवर तो जिंकला, तेव्हा वेंडेल स्कॉट यांच्यानंतर राष्ट्रीय मालिकेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरला. स्कॉट यांचा विजय डिसेंबर 1963 मधला. त्या दिवशी झेंडा दुसऱ्याला दाखवला गेला आणि स्कॉट जिंकल्याचं प्रेक्षक घरी गेल्यावर मान्य झालं. मधे पन्नास वर्षं गेली. पुढच्या वर्षी वॉलेसने एल्डोराची शर्यतही जिंकली.

मार्टिन्सव्हिलशी आपलंही नातं आहे. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन मार्च 2010 मध्ये तिथेच ट्रकच्या शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. नॅसकारमधला तो पहिला भारतीय. मोसमभर तो मोजक्याच शर्यतींत धावला, तरी चाहत्यांनी त्या वर्षी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून त्यालाच निवडलं. आयुष्यभर खुल्या चाकांच्या हलक्या गाड्या चालवलेल्या माणसाने दीड टनाचा पिकअप अरुंद ओव्हलवर शेवटपर्यंत नेणं ही साधी कामगिरी नाही, आणि आपल्याकडे तिची पुरेशी नोंद झाली नाही.

या खेळाने माणसंही घेतली आहेत. मार्च 1997 मध्ये होमस्टेडच्या अपघातानंतर जॉन नेमचेक गेले. ऑक्टोबर 2000 मध्ये टेक्सासच्या अपघातात टोनी रोपर गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटोनाच्या पहिल्या ट्रक शर्यतीत जेफ बोडाइन यांचा ट्रक जाळीवर आदळून पेटला, लोळत गेला. ते वाचले आणि पुन्हा शर्यतीत उतरले. मान जखडून धरणारं उपकरण सक्तीचं झालं ते 2001 मध्ये, मुख्य मालिकेतले ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर. आघात शोषणाऱ्या भिंती त्यानंतरच्या. जॉन नेमचेक यांच्या भावाने आपल्या मुलाला त्यांचंच नाव दिलं, आणि तो जॉन हंटर नेमचेक पुढे ट्रकच्या शर्यती जिंकला.

एल्डोरातली ट्रकची शर्यत 2019 पर्यंत दरवर्षी झाली. अखेरची स्टुअर्ट फ्रीझन यांनी जिंकली. 2020 ची महासाथीमुळे रद्द झाली. मग दोन वर्षं आयोवातल्या नॉक्सव्हिलची माती मिळाली, आणि ब्रिस्टलच्या काँक्रीटवर माती ओतून तीन वर्षं शर्यती झाल्या. 2023 नंतर तेही थांबलं. ओतलेली माती आणि पिढ्यान्‌पिढ्या शर्यती पचवलेली माती यांत फरक आहे. ब्रिस्टलने तो दाखवून दिला. एल्डोरात आजही दर उन्हाळ्यात मातीवरच्या गाड्यांच्या मोठ्या शर्यती होतात आणि लोक गर्दी करतात. धावपट्टी तयार आहे, प्रेक्षक तयार आहेत, ट्रकही या मातीवर सात वेळा धावून चुकले आहेत. नॅसकारने ही शर्यत पुन्हा सुरू करावी. जिथून हा खेळ निघाला तिथे वर्षातून एक रात्र जाण्यात त्याचं नुकसान काहीच नाही.