लघवी अडते तेव्हा : ऑपरेशन करावे की थांबावे?

मंडळी, घरातला म्हातारा माणूस रात्रीतून चार-चार वेळा उठून अंगणात जातो, बराच वेळ उभा राहतो आणि परत येऊन म्हणतो, "वय झालं बाबा, चालायचंच." लाजेपोटी तो याहून अधिक बोलत नाही. त्याच्या वतीने आज आपण थोडे मोकळेपणाने बोलू या.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती आवळ्याएवढी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. उतारवयात ती वाढते, मार्ग दाबला जातो, धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगातही असा त्रास होऊ शकतो, म्हणून तपासणी टाळू नये.

आता प्रश्न ऑपरेशनचा. ग्रंथी किती मोठी झाली किंवा वय किती झाले, एवढ्यावरून तो सुटत नाही. त्रास किती, यावरून सुटतो. त्रास थोडा असेल तर रात्री पाणी-चहा कमी करून थांबता येते. मध्यम असेल तर गोळ्या आहेत. काही गोळ्यांचा गुण थोड्या दिवसांत दिसतो. मात्र त्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. ग्रंथी आकसवणाऱ्या गोळ्यांना सहा महिने लागतात.

पण लघवी पुन्हापुन्हा तुंबते, नळी काढली की परत अडते, वारंवार रक्त पडते, मूत्राशयात खडे होतात किंवा मूत्रपिंडावर ताण येतो, अशा वेळी बहुधा ऑपरेशनच करावे लागते.

नेहमीच्या पद्धतीत पोट फाडत नाहीत. मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. दोन-तीन दिवस नळी राहते. बहुतेकांची धार सुधारते, रात्रीची झोप परत येते. ही झाली जमेची बाजू.

खर्चाची बाजूही ऐका. रक्तस्राव व जंतुसंसर्ग होऊ शकतो. पुष्कळांचे वीर्य नंतर बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने अपाय नाही, पण आधी माहीत असावे. थोड्यांना संबंधात अडचण येते, क्वचित लघवीवर ताबा राहत नाही. काहींना पुढे पुन्हा ऑपरेशन लागते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणखी दोन गोष्टी तराजूत घालाव्या लागतात. पहिली, सिकलसेल. इथे तो बराच आढळतो. घराण्यात असेल तर भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगावे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद पडते, हे आपण कितीतरी पावसाळ्यांत पाहिले आहे. शहरातल्या माणसाची लघवी तुंबली तर तासाभरात नळी बसते. नदीपलीकडच्या माणसाला तो तास मिळेलच असे नाही. म्हणून ज्याची एकदा तुंबली आहे, त्याने निर्णय रोवणीनंतर नव्हे, पावसाआधी घ्यावा. ऑपरेशननंतर दहा-पंधरा दिवसांनीही रक्त पडू शकते. तेवढे दिवस दवाखान्याजवळच्या नातलगाकडे राहावे. खडबडीत रस्ता, ओझे आणि मोहाची दारू टाळावी.

जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवावे. तेथून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला पाठवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

गुरुजी, गावात तुमच्या शब्दाला मान आहे. एखाद्या आजोबांबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा : थांबलो तर काय होईल? गोळ्यांनी भागेल का? ऑपरेशननंतर मला काय मिळेल आणि काय गमवावे लागेल? उत्तर ऐकून निर्णय मात्र आजोबांनाच घेऊ द्या.