विश्लेषण : रस्ता मोकळा, तरी गाडी ब्रेक का लावते?

महामार्गावर ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने गाडी चालली आहे, पुढे दूरवर कोणीही नाही आणि अचानक लाल इशारा चमकून गाडी स्वतःच करकचून ब्रेक लावते. चालक गोंधळतो, मागून येणाऱ्या वाहनाला तर गोंधळायलाही वेळ मिळत नाही. ‘ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग’ म्हणजे स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक यंत्रणेच्या या वर्तनाला अमेरिकेत ‘फँटम ब्रेकिंग’ असे नाव पडले आहे. निस्सान, होंडा, टेस्ला अशा कंपन्यांच्या लाखो गाड्यांची त्यावरून चौकशी झाली. भारतातही ही यंत्रणा आता मध्यम किमतीच्या गाड्यांत मिळू लागली आहे आणि ट्रक-बसला ती सक्तीची करण्याच्या हालचाली सुरू आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्याही रस्त्यावर येऊन ठेपला आहे.

यंत्रणा निर्णय कधी घेते?

गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार आणि समोरच्या काचेला आतून लावलेला कॅमेरा, हे तिचे दोन डोळे. काही गाड्यांत दोन्ही असतात, काहींत फक्त कॅमेरा. पुढच्या वस्तूचे अंतर आणि तिच्या जवळ जाण्याचा वेग यावरून संगणक एकच आकडा सतत काढत असतो : टक्कर होण्यास किती सेकंद उरले? तो आकडा घसरू लागला की आधी आवाज, मग हलका ब्रेक आणि शेवटी पूर्ण ताकदीचा ब्रेक.

गंमत अशी, की यंत्रणा शक्य तितके उशिरा ब्रेक लावते आणि ते मुद्दाम केलेले असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावला तर थांबलेल्या वाहनाला धडकण्याआधी साधारण सव्वा सेकंद हाताशी असताना निर्णय व्हावा लागतो. पण या वेगात बाजूने वळसा घालून निसटण्याची संधी चालकाला त्यानंतरही थोडा वेळ असते. चालक ओव्हरटेक करण्याच्या बेतात असेल, तर यंत्राने आधीच लावलेला ब्रेक त्याला अडचणीत आणतो. म्हणजे यंत्राला चालकाच्या मनात काय आहे याचाही अंदाज बांधावा लागतो, आणि तोही एका सेकंदात.

नसलेला अडथळा दिसतो कसा?

रडारला अंतर आणि वेग उत्तम कळतो, आकार मात्र फारसा कळत नाही. त्यातही उंचीचा अंदाज जुन्या पिढीच्या रडारला जवळजवळ नव्हताच. रस्ता चढाचा असेल आणि पुढे वरून पूल किंवा दिशाफलकाची लोखंडी कमान जात असेल, तर लहरी त्या लोखंडावर आपटून परततात आणि ‘समोर काहीतरी मोठे, स्थिर’ एवढेच सांगतात. ते रस्त्यावर आहे की पाच मीटर वर, हे त्या लहरींतून स्पष्ट होत नाही. खोदकामावर टाकलेला पोलादी पत्रा, रेल्वे फाटकाचे रूळ, वळणावर कडेला उभा असलेला ट्रक यांचीही हीच कथा. टेस्लाने २०१६ मध्ये आपल्या रडारविषयी माहिती देताना शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचे उदाहरण दिले होते. त्याचा खोलगट तळ गाडीच्या दिशेने असेल तर तो लहरी एकवटून परत पाठवतो आणि रडारला भलामोठा अडथळा भासतो.

यावर सुरुवातीचा सोपा उपाय होता तो स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करण्याचा. परत आलेल्या लहरींवरून वस्तू हलते आहे की नाही हे चटकन कळते. खांब, कठडे, फलक, पूल सगळेच स्थिर. मग जे हलते त्याचाच विचार करायचा. पण बंद पडून उभा असलेला ट्रकही स्थिरच असतो! म्हणून खात्री करण्यासाठी कॅमेऱ्याची साक्ष घ्यायची पद्धत आली.

कॅमेऱ्याला आकार कळतो. पण तो माणसासारखाच सूर्यासमोर दिपतो, धुक्यात आंधळा होतो. डांबरावर पडलेली पुलाची गडद सावली, पाण्यावरची चकाकी, समोरून येणाऱ्या ट्रकचे वळणावर क्षणभर आपल्याच लेनमध्ये असल्यासारखे दिसणे, यांतून तो चुकीचा निष्कर्ष काढू शकतो. रडार हो म्हणते आणि कॅमेरा नाही म्हणतो, तेव्हा कोणाचे ऐकायचे? फँटम ब्रेकिंगचे बरेचसे मूळ या प्रश्नात आहे. टेस्लाने २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील ‘मॉडेल ३’ आणि ‘मॉडेल वाय’ मधून रडार काढून हा वाद संपवला खरा, पण तक्रारी संपल्या नाहीत.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग सांभाळणारा ‘अॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ वेगळा आणि आपत्कालीन ब्रेक वेगळा. चालक दोन्हींना फँटम ब्रेकिंगच म्हणतात, पण क्रूझ कंट्रोल बंद केला तरी आपत्कालीन ब्रेक सुरूच असतो.

अमेरिकेतील चौकशांतून काय दिसले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१९ मध्ये निस्सानच्या २०१७ व २०१८ सालच्या सुमारे साडेपाच लाख ‘रोग’ गाड्यांची चौकशी सुरू केली. रेल्वे फाटके, पूल, खाली लटकणारे सिग्नल अशा ठिकाणी गाडी विनाकारण थांबते, अशा तक्रारी होत्या. त्याच वर्षाअखेर माझदाने याच कारणासाठी ‘माझदा ३’ च्या ३५ हजारांहून अधिक गाड्या परत मागवल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्या चौकशीखाली आल्या. नऊ महिन्यांत ३५४ तक्रारी आल्या होत्या आणि जूनपर्यंत तो आकडा ७५८ वर गेला. होंडाच्या ‘सीआर-व्ही’ आणि ‘अॅकॉर्ड’ची चौकशीही त्याच फेब्रुवारीत १७ लाख गाड्यांपासून सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिची व्याप्ती सुमारे ३० लाखांवर गेली.

दोष नेहमी ‘डोळ्यां’चाच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेस्लाने इंटरनेटवरून पाठवलेल्या एका सॉफ्टवेअरमुळे गाडीतील दोन चिपमधला संवाद तुटू लागला आणि गाड्या उगाच ब्रेक लावू लागल्या. कंपनीने ते लगेच मागे घेतले. ११,७०४ गाड्यांसाठी ‘रिकॉल’ची नोंद झाली.

तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलेल्या ग्राहकाची अडचण निराळीच असते. वायर तुटली, सेन्सर जळला तर संगणकात दोषाची नोंद होते. येथे यंत्राच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. त्याला अडथळा दिसला आणि त्याने नेमून दिलेले काम केले. त्यामुळे ‘गाडीत काही दोष नाही’ हे उत्तर अनेकदा खरे असते आणि तरीही ते उत्तर नसते.

मग संवेदनशीलता कमी का करत नाहीत?

कारण तीही केली गेली आहे आणि तिची किंमत माणसांनी मोजली आहे. मे २०१६ मध्ये फ्लोरिडातील विलिस्टनजवळ ऑटोपायलटवर धावणारी टेस्ला रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. आडव्या आलेल्या वाहनासाठी त्या वेळची ब्रेक यंत्रणा बनवलेलीच नव्हती. शिवाय, वरून जाणाऱ्या फलकासारखे दिसणारे चित्र रडार बाजूला सारते, ते विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच नंतर सांगितले.

मार्च २०१८ मधली अॅरिझोनातील टेम्पी येथील घटना याहून बोलकी आहे. उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले. मूळ व्होल्वो गाडीतला आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित चाचणीदरम्यान बंद राहील अशी रचना होती. उबरच्या स्वतःच्या प्रणालीला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण ती कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘अन्य’ असा निष्कर्ष बदलत राहिली. त्यावर कळस म्हणजे, खोट्या इशाऱ्यांवर गाडीने दचकू नये म्हणून धोका दिसल्यावर एक सेकंद काहीच न करण्याची तरतूद तिच्यात होती. खोटा ब्रेक टाळण्यासाठी ठेवलेला तो सेकंद होता.

हिशेब मुळातच विषम आहे. एक गाडी तिच्या आयुष्यात हजारो पूल, फलक, वळणे, उभी वाहने ओलांडते. खरा जीवघेणा प्रसंग मात्र दोन-चारदाच येतो. समजा दर दहा हजार निरुपद्रवी प्रसंगांत यंत्राची एकदाच चूक झाली, तरी खोटे ब्रेक खऱ्यांच्या बरोबरीला येऊ शकतात. दुसऱ्या बाजूला फायदाही निर्विवाद आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानुसार, या यंत्रणेमुळे पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे प्रकार निम्म्यावर येतात. पण वाचलेला अपघात कोणाच्या लक्षात राहत नाही आणि विनाकारण बसलेला हिसका कोणी विसरत नाही.

किती खोटा ब्रेक चालेल?

कायद्याने या प्रश्नाला आता आकड्यात उत्तर दिले आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार सप्टेंबर २०२९ पर्यंत सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा बंधनकारक होईल. वर्षाला किमान ३६० जीव वाचतील, असा सरकारचा अंदाज आहे. त्याच नियमात खोट्या ब्रेकच्या दोन चाचण्या आहेत : ताशी ८० किलोमीटर वेगाने रस्त्यावरच्या पोलादी पत्र्यावरून जाणे आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून जाणे. त्या वेळी यंत्राने स्वतःहून लावलेल्या ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पावपटीपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे सेकंदभर लागला तर वेग ताशी नऊ किलोमीटरने घटेल इतपत. जगातल्या रस्त्यांवर फसव्या जागा अगणित आणि चाचण्या दोन, ही त्यातली उणीव उघड आहे. वाहन उद्योगाचा रोख मात्र वेगळा आहे. ताशी १०० किलोमीटरपर्यंत धडक पूर्ण टाळण्याची अट घातली तर गाड्या फार लवकर ब्रेक लावतील आणि मागून धडका वाढतील, असे म्हणत कंपन्यांची संघटना जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात गेली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहेच.

भारतात काय होणार?

एमजी ग्लॉस्टर २०२० मध्ये आणि महिंद्र एक्सयूव्ही ७०० पुढच्या वर्षी आली, तेव्हापासून ‘अडास’ हा शब्द आपल्याकडे शोरूममध्ये रुळला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये बस आणि मालवाहू वाहनांना ही यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. गरज आहेच : मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ जण मरण पावले आणि एकूण अपघातांपैकी सुमारे २१ टक्के मागून धडकण्याचे होते.

पण आपल्याकडचे अनेक ‘खोटे’ ब्रेक खरे तर खोटे नसतात. रिक्षा तिरकी घुसते, दुचाकी दोन हातांवरून निघून जाते, म्हैस रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबते. आपण यातल्या कशालाच धोका मानत नाही, यंत्र मात्र मानते. आणि मागचा चालक आपल्यासारखाच असतो. ताशी ८० च्या वेगात पंधरा मीटर मागे असलेल्या ट्रकच्या हाती पाऊण सेकंदही नसतो. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच त्याहून अधिक वेळ जातो.

जबाबदारीचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा. कोइम्बतूरजवळच्या २०१७ मधील एका अपघातात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला. महामार्गावर इशारा न देता अचानक गाडी थांबवणाऱ्या मोटारचालकावर न्यायालयाने ५० टक्के जबाबदारी टाकली. मागून धडकलेल्या दुचाकीस्वारावर २० आणि बसवर ३० टक्के. तेथे ब्रेक माणसाने लावला होता. उद्या तो गाडीने लावला, तर ते ५० टक्के चालकाचे, की कंपनीचे?

बसबाबत वेगळी काळजी घ्यावी लागेल. युरोपने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने ट्रक-बसला ही यंत्रणा सक्तीची केली, तेव्हा उभ्याने प्रवास होणाऱ्या शहरी बस वगळल्या होत्या. खच्चून भरलेल्या बसमध्ये दांडीला धरून उभ्या असलेल्यांसाठी एक खोटा ब्रेकही पुरेसा असतो.

चालकाच्या हातात काय आहे?

बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टीअरिंग ठामपणे वळवले की यंत्र माघार घेते. अर्थात पुढे खरोखर काही नाही याची खात्री हवी. यंत्रणा कायमची बंद करण्यापेक्षा इशारा उशिरा देण्याचा पर्याय निवडणे बरे. रडारसमोर लावलेला लोखंडी गार्ड, जाळीवरचा चिखल, काचेवर कॅमेऱ्यासमोर चिकटवलेला स्टिकर हे सारे गोंधळ वाढवणारे आहेत. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे समोरची काच किंवा बंपर बदलल्यानंतरचे कॅलिब्रेशन. कॅमेरा एका अंशानेही हलला, तर शंभर मीटरवर त्याचा नेम पावणेदोन मीटरने चुकतो आणि शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्याच लेनमध्ये दिसू लागतो. काच बदलण्याच्या विम्याच्या दाव्यात हा खर्च धरला आहे का, ते गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधीच विचारून घ्यावे.